परीक्षेत तंबोरा लावायला सांगा : संगीत परीक्षा मंडळांना खुलं पत्र

प्रति,
प्रवेशिका ते विशारद अशा परीक्षा घेणाऱ्या सर्व संगीत मंडळांच्या अभ्यासक्रम समित्यांस

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत पेट्या, म्हणजे हार्मोनियम, लावतो. सूर जुळवणं, भात्याला नवं कातडं बसवणं, पावसाळ्यात फुगलेल्या पट्ट्या तासून मोकळ्या करणं, असली सगळी कामं करतो. संध्याकाळी घरीच गाण्याचा क्लास असतो आणि तीसेक वर्षं माझ्याकडची मुलं आपल्या परीक्षांना बसतायत. म्हणजे मी आपलं जुनं गिऱ्हाईक. तेव्हा हे भांडण समजू नये. जुनं गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर बसून मालकाला चार गोष्टी ऐकवतं ना, तसं आहे हे.

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी विशारदच्या तोंडी परीक्षेला बसली. केंद्र कुठलं ते सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण कुठेही हेच घडलं असतं. टेबलावर मोबाइल, मोबाइलवर तंबोऱ्याचं अ‍ॅप, शेजारी केंद्राची पेटी. अ‍ॅप काळी पाचवर, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीचा सूर षड्ज (सा) धरून, पेटीही काळी पाचवर. फक्त पेटी कित्येक वर्षं कुणी लावलेली नव्हती, तिचा षड्ज अ‍ॅपच्या षड्जाहून किंचित चढलेला. मी बाहेर व्हरांड्यात बसलो होतो आणि मला त्या दोन षड्जांमधली लाट ऐकू येत होती. वँऽव, वँऽव, सेकंदाला दोनदा. आत परीक्षक म्हणाले, "श्रुती सांगा." श्रुती म्हणजे सप्तकातल्या स्वरांमधल्या बारीक पायऱ्या, बावीस मानतात. पोरीनं तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती, दयावती, रंजनी, रक्तिका करत क्षोभिणीपर्यंत एका दमात सांगितल्या. प्राचीन ग्रंथकार स्वर कुठल्या श्रुतीवर मानत? शेवटच्या. आधुनिक? पहिल्या. शुद्ध गंधाराची ('ग'ची) कंपनं? "तीनशे एक पूर्णांक सतरा त्रेचाळीसांश."

"छान," परीक्षक म्हणाले.

ती लाट आत कुणालाच ऐकू आली नाही. परीक्षकांना नाही, पेटीवर बसलेल्या मुलाला नाही, आणि माझ्या विद्यार्थिनीलाही नाही. बावीस श्रुती तोंडपाठ असलेल्या मुलीला आपला षड्ज दोन ठिकाणी वाजतोय हे कळलं नाही, यात पहिला दोष शिकवणाऱ्याचा, म्हणजे माझा. पण परत येताना एसटीत तिनं विचारलं, "सर, ते सतरा त्रेचाळीसांश आलं कुठून?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं मी तो आकडा फळ्यावर लिहून देत होतो. माझ्या गुरुजींनी मला लिहून दिला होता म्हणून.

घरी आलो आणि कामाला लागलो. पुस्तकं होतीच, फक्त कधी हातात तार घेऊन वाचली नव्हती. हिशोब असा आहे. मोकळी तार छत्तीस इंच धरायची आणि तिचा षड्ज २४० कंपनांचा मानायचा. (हा २४० चा षड्ज आजच्या पेटीवर कुठल्याच पट्टीत सापडत नाही. काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी तो हरवलाय. ते असो.) श्रीनिवास पंडित या जुन्या ग्रंथकारांच्या रीतीनं धैवत एकवीस पूर्णांक एक तृतीयांश इंचांवर येतो. मग ते सांगतात की मेरू (मोकळ्या तारेचं सुरुवातीचं टोक) आणि धैवत यांच्या बरोबर मध्यावर तीव्र गंधार लावावा. तेच आपलं आजचं शुद्ध गंधार. छत्तीस आणि एकवीस पूर्णांक एक तृतीयांश यांचा मध्य काढा : अठ्ठावीस पूर्णांक दोन तृतीयांश इंच. आता २४० ला छत्तीसनं गुणून त्यानं भागा. तीनशे एक पूर्णांक सतरा त्रेचाळीसांश! पोरीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे हा मोजपट्टीनं काढलेला सूर आहे?"

हो. मोजपट्टीनं काढलेला. त्यात श्रीनिवासांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. वीणेवर पडदा कुठे बांधायचा याची एक सोपी खूण त्यांनी दिली, मोजायला दोरी पुरते, आणि पडदा बांधल्यावर हलकं मागेपुढे करायला कान असतोच. भातखंड्यांनी ती खूण पुढे आणली. चूक झाली ती नंतर. खुणेचा आकडा झाला, आकड्याचा अपूर्णांक झाला आणि अपूर्णांकाचे गुण झाले.

आता याच २४० च्या षड्जाला तंबोरा लावून बघा. खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज, १२० वर येतो. खर्जाची तार नीट जवारीची, म्हणजे घोडीवर घासून गुंजणारी, असेल तर तिच्यातून पाचपट कंपनांचा सूर निघतो, म्हणजे ६००. तो खाली आणलात की ३००. आपण ज्याला स्वयंभू गंधार म्हणतो तो हाच. तो कुणी लावत नाही. गंधाराची तार तंबोऱ्यावर नसतेच, तरी तो येऊन बसतो. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तार जिच्यावर टेकते ती, सपाट-गोलसर, वर जिव्याचा दोरा, त्यामुळे तार घोडीवर घासत वाजते आणि एरवी दबून जाणारे वरचे सूर मोकळे होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं आहे. इतर तंतुवाद्यांचा नियम असा की तार जिथे छेडाल, त्या बिंदूवर ज्या उपस्वराची गाठ पडते तो उपस्वर वाजत नाही. वीणा-तंबोऱ्याची घोडी हा नियम पाळत नाही, हे त्यांनी दाखवलं. मिरजेचे कारागीर जिव्याचा दोरा केसभर पुढे-मागे करून हेच करत असतात, नियम मोडतोय हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

आणि पेटी? पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. तिचा गंधार ३०२ च्या थोडा पुढे पडतो. म्हणजे तंबोऱ्याचा ३००, पुस्तकातला ३०१ आणि वर ते सतरा त्रेचाळीसांश, पेटीचा ३०२ वर. गंधार तीन झाले. आपल्या पुस्तकांतला तक्ता काढून बघा, त्यात ३०० च्या वर काय लिहिलं आहे? "पाश्चात्त्य". आपला कुठला? मोजपट्टीनं काढलेला. मिरजेच्या भोपळ्यातून रोज सकाळी जो गंधार निघतो तो आपण पोरांना परका म्हणून पाठ करायला लावतो.

एवढं कळल्यावर मला गावातल्याच एका माणसाची आठवण झाली. लाज वाटली, कारण नाव ऐकून होतो, वाचलं कधी नव्हतं. कृष्णाजी बल्लाळ देवल. सांगलीचे, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. नोकरी संपल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, यांनी श्रुती मोजायला घेतल्या. १९१० मध्ये त्यांचं बावीस श्रुतींवरचं पुस्तक इंग्रजीत निघालं. मोजायला त्यांच्याकडे सोनोमीटर होता. सोनोमीटर म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेली तार, खाली सरकती घोडी आणि बाजूला मोजपट्टी. आणि गायला होते अब्दुल करीम खाँ. खाँसाहेबांच्या गळ्यातला सूर आणि तारेची लांबी अशी जोडी देवलांनी जमवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सगळ्या श्रुती एकसारख्या नाहीत, लहानमोठ्या आहेत, आणि त्यांचं मूळ स्वरांच्या संवादात आहे, साध्या अपूर्णांकांत आहे. सप्तकाचे बारा समान तुकडे करणारी पेटी त्यांना म्हणूनच खटकत होती.

त्यांना साथ मिळाली अर्नेस्ट क्लेमेंट्स यांची. आयसीएस, जिल्हा न्यायाधीश, आणि हिंदुस्थानी गाण्याचं वेड. १९११ मध्ये दोघांच्या पुढाकारानं फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया निघाली. त्याच सुमारास लंडनमध्ये कीटली मूर यांच्याकडून श्रुतींची पेटी तयार झाली. एका सप्तकात बारांऐवजी बावीस श्रुतींची सोय असलेली. क्लेमेंट्स यांचं पुस्तक १९१३ मध्ये आलं.

जाता जाता एक गंमत सांगतो. श्रुतींची ही नावं ज्या 'संगीतरत्नाकर'मधून आपण पाठ करतो, तो लिहिणारा शार्ङ्गदेव देवगिरीच्या सिंघण यादवाकडे हिशेबखात्याचा प्रमुख होता. देवल डेप्युटी कलेक्टर, क्लेमेंट्स न्यायाधीश, भातखंडे वकील. श्रुतींचा कारभार कायम कचेरीतल्या माणसांनी पाहिलाय. उस्ताद मंडळी गात राहिली. त्यामुळे आपला अभ्यासक्रम फाइलीसारखा दिसतो याचं मला फार नवल वाटत नाही.

ती लंडनची पेटी चालली नाही. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे देवल-क्लेमेंट्स यांच्या श्रुती मांडल्या गेल्या, पेटीही आली, आणि भातखंडे व जमलेली गवई मंडळी यांना ती पटली नाही. पुढे पेटीच्या एकूण प्रकाराबद्दलच राग वाढत गेला आणि १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी आली. निवडक वादकांना साथीला बसू द्यायला १९७१ उजाडावं लागलं. आमच्या धंद्यातले जुने लोक त्या काळाबद्दल फार बोलत नसत.

लंडनची पेटी का चालली नसेल, हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझ्या स्वतःच्या फजितीतून कळलं. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण माझी मागणी तिच्यातूनच आली आहे.

देवल वाचल्यावर मला हुरूप आला. दुकानात माझी स्वतःची एक पेटी आहे, पालिताण्याचे सूर, तीन सप्तकं, आवाज गोड. तिचा षड्ज काळी एकला धरला आणि ठरवलं की ही पेटी तंबोऱ्याशी मिळवायची. पेटीचा सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ, एका टोकाला खिळलेली. टोकाशी खरवडलं की जीभ हलकी होते आणि सूर चढतो. मुळाशी खरवडलं की जीभ लवचीक होते आणि सूर उतरतो. खाली पातळ पत्रा सरकवायचा, वरून बारीक कानस, एकदा, दोनदा, मग वाजवून बघायचं. घाई केली की सूर गेला. गंधार उतरवायचा होता तो अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा भाग. धैवत सोळा, निषाद बारा. रिषभ मात्र चार भाग चढवायचा. सूर मोजायचं मशीन लावून करता आलं असतं, पण मी मशीन बंद ठेवलं. षड्ज आणि गंधार एकत्र धरले, भाता सावकाश सोडला आणि लाट ऐकत बसलो. आधी ती थरथरते, मग तिचा वेग कमी होतो, मग ती हेलकावे खाते, आणि एका खरवडीनंतर अचानक नाहीशी होते. त्या क्षणी पेटीचा आवाज वाढल्यासारखा वाटतो. भाता तेवढाच, पण खोली भरते. चाळीस वर्षं पेट्या लावतोय, पण त्या दुपारी मी चहा थंड होऊ दिला.

त्या आठवड्यात एक गायक आले, काळी एकला गाणारे. यमन गायले. मी साथ केली. मधेच थांबून म्हणाले, "आज पेटी काय केलंय? टोचत नाहीये." मी फुशारलो.

पुढच्या आठवड्यात काळी दोनवाला गायक आला.

पेटी तीच, पट्टी एक घर पुढे. त्यांचा षड्ज म्हणजे माझा रिषभ. त्यांचा पंचम म्हणजे माझा धैवत. मी पंचम दिला आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांच्या जेवणात खडा टाकलाय. पंचम उतरला होता, थोडा नाही, चांगला बावीस भाग. माझा रिषभ चढवलेला, धैवत उतरवलेला, दोघांच्या मधे पंचमाचं अंतर उरलंच नव्हतं. मैफल दुसऱ्या पेटीवर झाली.

रात्री झोप लागेना. बावीस भाग. पुस्तक उघडलं. एक्क्याऐंशीला ऐंशीनं भागलं की जो अपूर्णांक येतो त्याचं अंतर तेवढंच. भरतमुनींची प्रमाण श्रुती म्हणून देवलांच्या वाटेनं जाणारे लोक जी सांगतात, ती हीच. तीस वर्षं "श्रुतीची व्याख्या लिहा" या प्रश्नाला मी जिचं उत्तर लिहून देत होतो, ती मला पहिल्यांदा ऐकू आली ती अशी, वाटोळं झालेल्या पंचमाचा चेहरा घेऊन. "श्रूयते इति श्रुतिः" मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल. ऐकू आली आत्ता.

आणि लंडनच्या पेटीचं कोडंही तिथेच सुटलं. एका षड्जाला सगळं चोख केलं की दुसऱ्या षड्जाला वाट लागते. गायक बदलला की पट्टी बदलते, नाटकात तर दर अंकाला बदलते. समान तुकड्यांची पेटी कुणाच्याच पट्टीत पूर्ण खरी नसते, पण कुणाच्याच पट्टीत फार खोटीही नसते, म्हणून ती टिकली. अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली आहे. षड्ज आणि पंचम अचल, उरलेल्या दहा स्वरांना दोन-दोन जागा, झाल्या बावीस, आणि कुठली जागा हवी ते राग सुरू करण्याआधी ठरवायचं. डोकं लढवलंय, मेहनत प्रचंड आहे. तरी दरबारीचा गंधार आंदोलनावर असतो, तो एका जागी उभाच राहत नाही, त्याला कुठलं घर द्यायचं? नझीर जैराझभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्ये कलाकारांचे सूर यंत्रावर मोजले, तेव्हाही ते बावीस ठरावीक घरांत बसले नाहीत. एकाच कलाकाराचा सूरही हलताना दिसला. त्यामुळे देवल शंभर टक्के बरोबर होते असं मी म्हणणार नाही. मला वाटतं, गळ्यानं दिलेल्या उत्तरांतली जी साध्या अपूर्णांकांना जवळची होती ती त्यांना जास्त आवडली. पण त्यांनी तार ताणली. ती ताणल्याशिवाय आपण बरोबर की चूक हे कळायचंही नाही.

आता आपल्या अभ्यासक्रमाकडे येतो. त्यात श्रुतींवर काय आहे? नावं आहेत. कुठल्या स्वराच्या किती श्रुती ते सांगणारा "चतुश्चतुश्चतुश्चैव" हा श्लोक आहे. प्राचीन-आधुनिक विभाजनाचा तक्ता आहे. सारणा चतुष्टयी, म्हणजे वाद्याचे सूर चार टप्प्यांत उतरवून श्रुती मोजायची भरतांची रीत, आहे, आणि ती चार मुद्द्यांत लिहायची असते. मी नवा विषय मागत नाही, आहे त्यातलाच एक करून बघू या म्हणतोय. सारणा हा मुळातच करून बघायचा प्रयोग आहे. भरतांनी तो दोन वीणांवर करायला सांगितला, एक अचल, एक चल. वीणा कुठून आणणार म्हणून मी या मे महिन्यात क्लासमध्ये दोन स्वरमंडळं (मांडीवर घेऊन छेडायची बऱ्याच तारांची छोटी वाद्यं) घेतली. दोन्ही सारखी लावली. मग एकावरचा (हे चल, दुसरं अचल) पंचम इतकाच उतरवायचा की तो रिषभाशी संवादी होईल. आधी रिषभ-पंचमात लाट असते, ती थांबली की तिथे थांबायचं. तेवढंच बाकीचे सहाही स्वर उतरवायचे. ही पहिली सारणा. पोरांना वाटलं काहीच घडलं नाही, नुसतं बेसूर झालं. बरोबरच आहे, पहिल्या सारणेत काही मिळतच नाही. दुसऱ्यांदा उतरवायचं ते चल स्वरमंडळाचे गंधार-निषाद अचलच्या रिषभ-धैवतात जाऊन मिळेपर्यंत. इथे एक सातवीतला मुलगा ओरडला, "सर, हे एकच झालं!" तिसऱ्यांदा रिषभ-धैवत, षड्ज-पंचमात. चौथ्यांदा पंचम, मध्यम, षड्ज हे मध्यम, गंधार, निषादात.

आता मोजा. दोन स्वर दुसऱ्या सारणेत मिळाले, त्यांच्या दोन-दोन, म्हणजे चार श्रुती. दोन स्वर तिसऱ्या सारणेत, तीन-तीन, म्हणजे सहा. तीन स्वर चौथ्यात, चार-चार, म्हणजे बारा. चार, सहा, बारा : बावीस. श्लोकातलं "चतुश्चतुः" काय सांगतंय ते पोरांनी बोटांवर मोजलं. उतरताना चारही पायऱ्या सारख्या होत्या का, असं त्याच मुलानं विचारलं. मी म्हटलं, यावरच सगळं भांडण आहे, तुला काय वाटलं? तो म्हणाला, "पहिली बारकी होती." देवल हेच म्हणत होते, आणि या पोराला देवल कोण ते माहीत नाही.

दुपारचे तीन तास गेले. पंख्याच्या वाऱ्यानं तारा उतरत होत्या, दोन तुटल्या, एका पोराला बोटाला लागलं. लेखी परीक्षेत याला पाच गुण असतात आणि ते चार ओळींत मिळतात. मान्य.

माझी मागणी एवढीच. लेखीतून श्रुतींची नावं आणि गंधाराची कंपनं पाठ करण्याचे प्रश्न काढा आणि ते गुण प्रात्यक्षिकात टाका. मध्यमा परीक्षेपासून प्रत्येक विद्यार्थ्यानं परीक्षकांसमोर तंबोरा हातानं लावावा. खुंट्यांनी जवळ आणावा, मण्यांनी मिळवावा, आणि त्यातून गंधार ऐकू आला की तो गुणगुणून दाखवावा. मग शेजारच्या पेटीचा गंधार दाबून विचारा : हा तोच आहे का? पोरगं "नाही, हा चढा आहे" म्हणालं की पूर्ण गुण. विशारदला दोन स्वरमंडळांवर निदान पहिल्या दोन सारणा. बाकीचं लिहिलं तरी चालेल.

आपण काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. केंद्रावर तंबोरे नाहीत. वेळ नाही, एका दिवसात चाळीस मुलं आटपायची असतात. अ‍ॅप सोयीचं पडतं, फुटत नाही, जवारी बसत नाही. सगळं खरं आहे, आणि अ‍ॅपवर माझा राग नाही, एसटीत रियाज करणारी पोरं मी पाहिली आहेत. पण एका मुलाला सात-आठ मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय, आणि लेखीतला एक प्रश्न कमी झाला की तपासणाऱ्यांचा तेवढा वेळ वाचतोच. तंबोऱ्यांचं म्हणाल तर मिरज आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, फोटो पेपरात आले, आणि कारागीर मात्र विचारतात की मानांकन मिळालं, गिऱ्हाईक कुठंय? प्रत्येक केंद्रानं एक जोडी घेतली तर त्यांनाही बरं वाटेल.

एक अडचण मात्र आपण बोलून दाखवणार नाही, म्हणून मीच लिहितो. काही परीक्षकांनाही तंबोरा लावता येणार नाही. मला पंचवीस वर्षांपूर्वी धड येत नव्हता, पेटी लावता येत असूनही. त्याला उपाय आहे. परीक्षकांच्या बैठकीत चहाच्या आधी एक तास मधे तंबोरा ठेवावा. कुणी कुणाला गुण देऊ नयेत.

पहिल्या वर्षाला माझ्याकडचे दोन तंबोरे आणि ती दोन स्वरमंडळं घेऊन जा, भाडं नको. टेम्पोचं तेवढं आपण बघा, आणि भोपळ्याखाली गाद्या घाला. मोठ्या तंबोऱ्याची जवारी या पावसाळ्यात बसली आहे, ती काढून घ्यायला आठ दिवस लागतील. त्यामुळे पुढच्या सत्राचा निर्णय दिवाळीआधी कळवलात तर बरं होईल.

आपला,
एक पेटी लावणारा
सांगली